लिव्हरपूलची अल्बर्ट गोदी: दोन भेटींनंतर

लिव्हरपूलच्या ज्या गोदीला आता अधिकृतपणे रॉयल अल्बर्ट डॉक म्हणतात, तिथे मी दोनदा गेले: पहिल्यांदा २०१२च्या उन्हाळ्यात आणि दुसऱ्यांदा २०२५च्या ऑक्टोबरात. मुलगी मँचेस्टरला राहते आणि तिथून लिव्हरपूल आगगाडीने तासाभराच्या आत येते, एवढे कारण पहिल्या भेटीला पुरेसे होते. दुसऱ्यांदा मात्र मी ठरवून, दोन दिवस राखून गेले. माझे वडील मुंबई बंदरात गोदी कामगार होते, आमचे घर शिवडीला होते, आणि ज्या बंदरातून माणसांचा राबता उठून जातो त्या बंदराचे पुढे काय होते, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. त्यामुळे हे परीक्षण एका पर्यटनस्थळाचे आहे तसेच एका कामाचेही आहे. बंद पडून गाळाने भरलेली गोदी पुन्हा उभी करण्याचे जे काम लिव्हरपूलने चाळीस वर्षांपूर्वी हाती घेतले, ते आज कसे दिसते आणि कोणाच्या उपयोगाला येते, हे मी दोन्ही दिवस पाहत होते.

लाइम स्ट्रीट स्थानकावरून चालत निघाले, तर वीसएक मिनिटांत गोदी येते. वाट शहराच्या मध्यवर्ती बाजारपेठेतून उताराने खाली जाते आणि शेवटी स्ट्रँड नावाचा रुंद, सतत वाहता रस्ता ओलांडावा लागतो. तो ओलांडला की एकदम पाणी दिसते. आधी सॉल्टहाउस डॉक, त्यात उभ्या असलेल्या कालव्यातल्या अरुंद होड्या, आणि पलीकडे विटांच्या पाच प्रचंड वखारी, ज्यांनी मधल्या पाण्याला चारी बाजूंनी वेढले आहे. तळमजल्यावर तांबूस रंग दिलेल्या ओतीव लोखंडाच्या खांबांची रांग आहे. हे खांब इतके जाड आहेत की दोन माणसांनी हात पसरले तरच वेढा पूर्ण होतो. ग्रीक देवळाच्या खांबांसारखा घाट कामाच्या जागेला देण्याची कल्पना मला पहिल्या भेटीत थोडी दिखाऊ वाटली होती. दुसऱ्या भेटीत मी तिथे बराच वेळ थांबले तेव्हा लक्षात आले की खांबांच्या मधल्या मोठ्या कमानी शोभेसाठी नाहीत: काठावरच्या याऱ्यांच्या, म्हणजे क्रेनच्या, भुजा थेट आत वळाव्यात आणि जहाजातून उचललेला माल पावसात न भिजता आडोशाला उतरावा म्हणून तेवढी मोकळी जागा सोडलेली आहे.

या इमारतींची खरी थोरवी त्यांच्या रचनेत आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर सांगितल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजणार नाही. मर्सी नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीच्या पाण्यात मोठ्या उधाणाच्या वेळी नऊ-दहा मीटरचा फरक पडतो. उघड्या धक्क्याला बांधलेले जहाज ओहोटीला चिखलात बसायचे, म्हणून लिव्हरपूलने दारे बसवलेल्या बंदिस्त गोद्या बांधल्या. त्यांतली पहिली १७१५ सालची, आणि व्यापारी वापरासाठी बांधलेली जगातली पहिली बंदिस्त गोदी म्हणून तिचा मान आहे. पण त्या जुन्या गोद्यांत जहाज सुरक्षित राहिले, तरी माल उघड्या काठावर पडायचा, चोरीला जायचा, आणि लाकडी तुळयांच्या वखारींना आगी लागायच्या. गोदीचे अभियंता जेसी हार्टली यांनी वास्तुविशारद फिलिप हार्डविक यांच्यासह यावर जे उत्तर काढले ते म्हणजे अल्बर्ट डॉक. वखारी पाण्याला अगदी लागून बांधायच्या, म्हणजे जहाजातला माल सरळ मजल्यावर जाईल, आणि बांधकामात लाकूड वापरायचेच नाही: वीट, दगड आणि लोखंड, बस. हार्टली यांनी नमुन्याच्या छोट्या रचना उभारून त्यांत लाकूड आणि डांबर भरले, त्या पेटवून दिल्या आणि कोणती रचना आगीत टिकते ते पाहून मग आराखडा पक्का केला. १८४१ साली संसदेने या कामाला परवानगी दिली. तिकडे मुंबईत भाऊ अजिंक्य यांचा भाऊचा धक्काही त्याच सालचा मानला जातो. ३० जुलै १८४६ रोजी राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांच्या हस्ते गोदीचे उद्घाटन झाले. दोनच वर्षांनी, १८४८ मध्ये, इथे पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या मालउचल यंत्रांची सोय झाली, आणि वखारीत असे यंत्र बसवण्याची जगातली ती पहिलीच वेळ होती. जहाज रिकामे करायला लागणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. कापूस, चहा, रेशीम, साखर, तंबाखू, हस्तिदंत, ब्रँडी असा मौल्यवान माल इथे साठू लागला.

कापसाचे नाव निघाले की मराठी माणसाने तिथे जरा थांबावे, असे मला वाटते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग मुंबई बंदरातून गाठींवर गाठी लिव्हरपूलला जाऊ लागल्या. आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस तिथे सरसकट ‘सुरत’ या नावाने विकला जाई आणि तो कातताना धागा सारखा तुटत असल्याने तिथले कामगार त्याला वैतागलेले असत, पण दुसरा मिळत नव्हता. त्या चार वर्षांत मुंबईत जो पैसा ओतला गेला त्यातून समुद्र बुजवण्याच्या कंपन्या, बँका आणि सट्टा उभा राहिला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि ते सगळे एका उन्हाळ्यात ढासळले. त्यानंतरही कितीतरी वर्षे वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याच्या कापसाला काय भाव मिळणार, हे लिव्हरपूलच्या बाजारात ठरत असे. लिव्हरपूल-मँचेस्टर हा रेल्वेमार्गही, ज्यावरून मी आरामात बसून आले, १८३० साली सुरू झाला तो या दोन शहरांमधल्या कापसाच्या आणि कापडाच्या वाहतुकीची निकड होती म्हणूनच. शिवाय ब्रिटिश जहाजांवर डेकवर राबणाऱ्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातले लोक फार मोठ्या संख्येने असत. आमच्या गावातल्या दोन-तीन घरांत ‘लिवरपूल’ हा शब्द माझ्या लहानपणी म्हाताऱ्यांच्या तोंडी सहज यायचा. अल्बर्ट डॉकच्या काठावरच्या माहितीफलकांवर अमेरिका आणि चीन पुष्कळ आहेत. हिंदुस्थानच्या वाट्याला मात्र फार थोडी जागा आली आहे, आणि ही मला या ठिकाणाची एक खरी उणीव वाटते.

गोदी उत्तम बांधली गेली, पण ती शिडाच्या जहाजांच्या मापाने बांधली गेली. वीस-पंचवीस वर्षांतच आगबोटी मोठ्या झाल्या आणि तिच्या दारांतून त्या आत येईनात. विसाव्या शतकात इथे जहाजे जवळजवळ येतच नव्हती, फक्त वखारी वापरात होत्या. १९४१च्या बाँबहल्ल्यात इमारतींना मार बसला. युद्धानंतर बंदराच्या मालकांना त्या दुरुस्त करण्यात रस उरला नव्हता, आणि १९५२ मध्ये त्यांना सर्वोच्च दर्जाचे कायदेशीर संरक्षण मिळाले नसते, तर साठच्या दशकात तिथे मनोरे बांधण्याचे जे बेत झाले त्यांतला एखादा नक्कीच पार पडला असता. शेवटचा घाव कंटेनरचा होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नदीच्या मुखाजवळ सीफोर्थला कंटेनरची नवी गोदी सुरू झाली आणि १९७२ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या जुन्या गोद्यांना कुलूप लागले. दारे उघडी टाकली गेली. प्रत्येक भरतीबरोबर नदीचा गाळ आत येऊन बसत राहिला आणि काही वर्षांत जिथे जहाजे उभी राहत तिथे दुर्गंधी मारणारा काळपट चिखल तेवढा शिल्लक राहिला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुंबईत १९८९ नंतर अगदी हेच पाहिले: पलीकडे न्हावा-शेवाला कंटेनरचे बंदर सुरू झाले आणि अलीकडे त्यांच्या टोळीला पाळी मिळण्याचे दिवस आठवड्यागणिक कमी होत गेले.

लिव्हरपूलची अवस्था त्या वेळी किती बिकट होती, ते एका आकड्यावरून कळते. १९३०च्या दशकात साडेआठ लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या २००१ मध्ये साडेचार लाखांच्या खाली आली होती. मार्च १९८१ मध्ये सरकारने गोदीच्या पडीक जमिनींसाठी मर्सीसाइड विकास महामंडळ स्थापन केले आणि त्याच वर्षी जुलैत, गोदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या टॉक्सटेथ वस्तीत, बेकारी आणि पोलिसांच्या वागणुकीवरून मोठी दंगल उसळली. अर्थमंत्री जेफ्री हाउ यांनी पंतप्रधानांना असे सुचवले होते की या शहरावर पैसा घालण्यापेक्षा त्याचा ऱ्हास नीट सांभाळून होऊ द्यावा; ही कागदपत्रे तीस वर्षांनी खुली झाली तेव्हा लिव्हरपूलकरांना त्याचा फार संताप आला. पर्यावरणमंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी त्याच्या उलट भूमिका घेतली, काही आठवडे शहरात मुक्काम ठोकला आणि निधी आणला.

यापुढचा निर्णय मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचा वाटतो. महामंडळाने इमारतींच्या आधी पाण्याला हात घातला. वर्षानुवर्षे बसलेला गाळ उपसला, दारे दुरुस्त केली, काठांच्या भिंती सावरल्या आणि गोद्या पुन्हा भरून घेतल्या. गोदी बुजवून सपाट जमीन मिळवणे हा सोपा मार्ग त्यांच्याही समोर होताच, आणि तो घेतला असता तर या वखारी रस्त्याकडेच्या कुठल्याही जुन्या विटकरी इमारतींसारख्या निर्जीव झाल्या असत्या. आज काठावर उभे राहिले की पाण्यातल्या प्रतिबिंबामुळे वखारींची उंची दुप्पट दिसते, वारा आला की खांबांचा तांबडा रंग लाटांवर पसरतो, आणि या जागेला जे काही सौंदर्य आहे त्यातला अर्धा वाटा त्या पाण्याचा आहे. १९८४ मध्ये मोठ्या शिडाच्या जहाजांची शर्यत लिव्हरपूलला आली तेव्हा गोदीचा पहिला भाग लोकांसाठी उघडला, त्याच उन्हाळ्यात दक्षिणेकडे आंतरराष्ट्रीय उद्यान महोत्सवही भरला, आणि २४ मे १९८८ रोजी युवराज चार्ल्स यांच्या हस्ते पुनरुज्जीवित गोदीचे रीतसर उद्घाटन झाले. पुढे काही वर्षे एका दूरचित्रवाणी वाहिनीचा सकाळचा कार्यक्रम इथूनच प्रसारित होई आणि हवामान सांगणारा निवेदक पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटनच्या नकाशावर उड्या मारत फिरे. माझ्या मुलीच्या शेजारी राहणाऱ्या इंग्रज आजींना अल्बर्ट डॉक म्हटले की अजूनही आधी तो नकाशाच आठवतो.

इमारतींना काम काय दिले, या कसोटीवर अल्बर्ट डॉक निम्मे उत्तम आणि निम्मे साधारण आहे. उत्तम निम्मे म्हणजे संग्रहालये. सागरी संग्रहालय एका वखारीत आहे आणि त्याच इमारतीत २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय सुरू झाले. ज्या शहराची भरभराट गुलामांच्या व्यापारावर झाली त्याने ते सत्य आपल्या सर्वांत देखण्या इमारतीत, विनामूल्य, शाळकरी मुलांसाठी मांडावे, याला धैर्य लागते. गुलामांचा व्यापार ब्रिटनने १८०७ मध्ये बंद केला, म्हणजे अल्बर्ट डॉक नंतरचे. पण पुढची जवळपास वीस वर्षे इथे उतरणारा अमेरिकन कापूस गुलामांच्याच हातांनी वेचलेला होता. २०१२ मध्ये मी त्या दालनांतून बाहेर येऊन तळमजल्यावरच्या खांबाला टेकून बराच वेळ उभी राहिले होते. दुसरे म्हणजे टेट संस्थेचे कलादालन, १९८८ मध्ये जेम्स स्टर्लिंग यांनी वखारीच्या आत बसवलेले. हेन्री टेट यांची संपत्ती लिव्हरपूलच्याच साखर कारखान्यातून आलेली, त्यामुळे पूर्वी साखर ठेवलेल्या वखारींत त्यांच्या नावाचे दालन असणे हा योगायोग नसून तो या शहराचा इतिहासच आहे.

परंतु आज जाणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावे: २०२५च्या माझ्या भेटीत या तिन्ही जागा नूतनीकरणासाठी बंद होत्या. टेटचे दालन २०२३च्या ऑक्टोबरपासून बंद आहे, सागरी आणि गुलामगिरी संग्रहालये २०२५च्या सुरुवातीपासून. काम मोठे आणि आवश्यक आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिन्ही एकाच वेळी मिटल्यावर गोदीत जे उरते, ते उपाहारगृहे, भेटवस्तूंची दुकाने, बीटल्स या गायकवृंदावरचे प्रदर्शन, दोन हॉटेले आणि वरच्या मजल्यांवरची खाजगी घरे एवढेच. त्या दोन दिवसांत मला इमारतींचा सांगाडा अधिक स्पष्ट दिसला हे खरे, आणि हेही दिसले की संग्रहालयांवाचून ही जागा अर्धी रिकामी असते. पावसात आडोशाला आलेली माणसे खांबांच्या रांगेतून एक फेरी मारून, छायाचित्र काढून निघून जात होती. शेजारच्या मान आयलंडवरचे लिव्हरपूल संग्रहालय मात्र उघडे आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि शहराच्या लोकजीवनाची मांडणी तिथे फार प्रेमाने केलेली आहे. पुनरुज्जीवनात जमिनीचा कोणता हिस्सा सार्वजनिक संस्थांना द्यायचा याचा विचार करणाऱ्यांनी हा अनुभव जमेस धरावा. दुकाने इथे चाळीस वर्षांत कितीदा बदलली असतील, पण माणसे पुन्हा पुन्हा आली ती संग्रहालयांमुळे.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात सांगते. काठावरच्या उपाहारगृहांत तुम्ही दृश्याचे पैसे देता. एका ठिकाणी पहिल्या दिवशी मागवलेले माशाचे कालवण कोमट आले आणि परत पाठवल्यावर तेच पुन्हा गरम करून आले. दुसऱ्या दिवशी मी शहरात जाऊन जेवले, निम्म्या पैशांत आणि समाधानाने. शाकाहारी माणसाची अगदीच उपासमार होत नाही. बसायला बाके आहेत, पण वाऱ्याच्या तोंडाला. नदीवरून येणारा वारा ऑक्टोबरात हाडात शिरतो, तेव्हा कानटोपी विसरू नये. काठाची जुनी दगडी फरसबंदी जपलेली आहे आणि ती पाहायला छान असली, तरी चाकाच्या खुर्चीला आणि माझ्यासारख्या गुडघेदुखीच्या माणसाला ती जड जाते. खांबांच्या आतली वाट सपाट आहे, तिकडूनच चालावे. पाण्याच्या काठाला बऱ्याच ठिकाणी कठड्याऐवजी साखळ्या आहेत, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये. नदीच्या बाजूच्या साखळ्यांवर प्रेमिकांनी लावलेल्या कुलुपांची इतकी दाटी झाली आहे की साखळी दिसतच नाही. स्वच्छता उत्तम, दिव्यांची सोय उत्तम, आणि रात्री नऊनंतरही एकटीने फिरताना मला कुठेच असुरक्षित वाटले नाही. आत फिरायला तिकीट नाही, ही तर सर्वांत चांगली गोष्ट.

आता ज्या गोष्टीसाठी मी दुसऱ्यांदा गेले तिच्याकडे येते. गोदी म्हणजे दगड, लोखंड आणि पाणी तर खरेच, पण गोदी म्हणजे पहाटे कामाच्या आशेने उभी राहणारी माणसेही. अल्बर्ट डॉकमध्ये इमारत कोणी आखली, कोणी उद्घाटन केले, कोणी निधी दिला, हे ठळकपणे कळते. पाच मजल्यांवर गाठी कोणी चढवल्या, एका पाळीला किती मिळत असे, पाठ मोडल्यावर त्या माणसाचे काय होई, हे या चौकात उभ्या असलेल्या पाहुण्याला कळण्याची सोय नाही. आणि लिव्हरपूलच्या गोदी कामगारांची कहाणी काही जुन्या काळात संपलेली नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये, अल्बर्ट डॉकमध्ये पर्यटक कॉफी पीत असताना, नदीच्या मुखाकडच्या चालू गोद्यांत तरुण सहकाऱ्यांच्या निदर्शनाची रांग ओलांडायला नकार दिला म्हणून सुमारे ५०० कामगारांना कामावरून काढले. त्यांचा लढा जवळजवळ २८ महिने चालला, जगभरच्या बंदरांतल्या कामगारांनी त्यांना पाठिंबा दिला, आणि जानेवारी १९९८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्यांच्यातल्या काहींनी पुढे होप स्ट्रीटवर ‘कासा’ नावाचे सामाजिक केंद्र आणि पानगृह सुरू केले. मी दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे गेले. भिंतींवर त्या लढ्याची छायाचित्रे आणि फलक आहेत. माझे वडील मुंबईच्या गोदीत होते असे सांगितल्यावर तिथल्या एका वयस्क गृहस्थांनी खुर्ची ओढून दिली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: तुमच्याकडे गाठी उचलायला हूक कोणत्या घाटाचा होता? आम्ही तासभर बोललो. अल्बर्ट डॉक पाहणाऱ्या प्रत्येकाने पंचवीस मिनिटे चढ चढून त्या जागी जावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. गोदीच्या चौकात जे राहून गेले आहे ते तिथे मिळते.

पुनरुज्जीवनाचा लाभ कोणाला झाला, या प्रश्नाचे उत्तर मी दोन दिवसांत देऊ शकत नाही, पण जे दिसले ते नोंदवते. टॉक्सटेथ इथून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे आणि तिथल्या काही गल्ल्यांत आजही बंद, फळ्या ठोकलेली घरे दिसतात. दुसऱ्या बाजूला, २००८ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी होण्याचा मान, त्याच वर्षी पूर्ण झालेली लिव्हरपूल वन ही मोठी बाजारपेठ आणि शेजारचे सभागृह या सगळ्यांना अल्बर्ट डॉकने आधी वाट करून दिली, हे उघड आहे. चांगल्या कामामुळे आसपासच्या जमिनीचा भाव वाढतो आणि मग त्याच चांगल्या कामाला धोका निर्माण होतो, हेही इथेच घडले. २००४ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलच्या बंदराला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि जुलै २०२१ मध्ये तो काढून घेतला, कारण उत्तरेकडच्या गोद्यांच्या जागी आखलेली नवी बांधकामे आणि ब्रॅमली-मूर डॉकमधले फुटबॉलचे मैदान यांमुळे त्या वारशाची हानी होते असे समितीला वाटले. असा दर्जा गमावणारे ते जगातले तिसरेच ठिकाण. ब्रॅमली-मूर डॉकही हार्टली यांचीच, १८४८ची. तिचे पाणी बुजवून त्यावर एव्हर्टन संघाचे सुमारे ५३ हजार प्रेक्षकांचे मैदान उभे राहिले आणि २०२५ मध्ये सुरू झाले. मी बसने तिकडेही जाऊन आले. मैदान भव्य आहे, काठाच्या जुन्या भिंती आणि रूळ जपले आहेत, आणि अनेक वर्षे ओसाड असलेल्या त्या भागात माणसांची वर्दळ सुरू झाली आहे, याचा तिथल्या रहिवाशांना आनंद आहे. तरीही दक्षिणेला आधी पाणी परत आणणाऱ्या शहराने उत्तरेला पाणी बुजवले, याचे मला वाईट वाटले, आणि अल्बर्ट डॉकचे महत्त्व त्यामुळे माझ्या मनात आणखी वाढले.

हे वाचताना मुंबईकरांच्या मनात शहराचा पूर्व किनारा आल्यावाचून राहणार नाही. १८८०चा प्रिन्सेस डॉक आणि त्याच्या शेजारचा व्हिक्टोरिया डॉक, ज्यात १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, हे दोन्ही आता बुजवले गेले आहेत. बंदराच्या ताब्यातल्या सुमारे १,८०० एकर जमिनीचे काय करायचे यावर २०१४ मध्ये राणी जाधव समितीने अहवाल दिला, त्यानंतरही आराखडे झाले. १८७५चा ससून डॉक अजून जिवंत आहे आणि तिथे पहाटे मासळीचा लिलाव होतो. ती गोदी वापरात असताना, तिच्यावर पोट असलेल्या कोळी बायकांना न हलवता, दुरुस्त करता येते, आणि हे लिव्हरपूलला करता आले नाही, कारण त्यांच्या गोदीत परत आणायला कामच उरले नव्हते. आपल्याकडे अजून आहे.

अल्बर्ट डॉकला जायचे असेल तर पूर्ण दिवस द्या आणि संध्याकाळ तिथेच घालवा. सूर्य नदीपलीकडे मावळताना पश्चिमेकडच्या वखारीच्या मागून येणारा उजेड पाण्यावरून पूर्वेच्या विटांवर पडतो, दहा-पंधरा मिनिटे त्या विटा आतून पेटल्यासारख्या दिसतात, आणि त्यासाठी कानटोपीतला वारा सोसायला हरकत नाही. संग्रहालयांसाठी जाणार असाल, तर ती उघडेपर्यंत थांबा. सागरी संग्रहालय उघडले की मी तिसऱ्यांदा जाणार आहे. अण्णांचा हूक पुण्याच्या घरी कपाटात आहे, मुठीचे लाकूड हाताने घासून गुळगुळीत झालेले. कासामधल्या त्या गृहस्थांना त्याचे छायाचित्र पाठवायचे मी कबूल केले होते. ते पाठवले, आणि उलट टपाली त्यांच्या हुकाचे आले. दोन्हींची वाक जवळजवळ सारखी आहे, त्यांचा दांडा मात्र आपल्यापेक्षा आखूड.